सडा ओसाड नाही
डोंगरमाथ्यावरच्या सपाट, उघड्या कातळाला कोकणात सडा म्हणतात. कोकणातल्या विकासाचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: सडा म्हणजे नुसता कातळ, पडीक जमीन, तिथं काही उगवत नाही. बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या चिरेखाणी, बागा, पवनचक्क्या, कारखाने तिथंच होऊ द्या, म्हणजे डोंगरातलं जंगल वाचेल. आणि हिरवळ हवीच असेल तर सड्यावर झाडं लावा. जंगल वाचावं असं हे पुढं पाठवणाऱ्यांनाही मनापासून वाटतं, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

"काही उगवत नाही." मे महिन्यात सड्यावर उभं राहिलं तर हे पटतं. काळाकभिन्न जांभा आणि पायाला चटके. पण मृगाचे चार पाऊस पडू देत, त्याच कातळाच्या भेगांतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. श्रावणाच्या सुमारास गेंदाचे पांढरे ठिपके दिसतात आणि सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे पसरतात. सीतेची आसवं कीटकभक्षी आहे. कातळावरच्या बोटभर मातीत नत्र फार थोडं, ते ती बारीक जीव पकडून मिळवते. डबक्यांमध्ये देवभात येतं. न नांगरता उगवतं म्हणून ऋषिपंचमीला चालणारं हे रानटी भात आपल्या ताटातल्या भाताच्या पूर्वजांपैकी आहे.

साताऱ्याचं कास पठारही जांभ्याचंच. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे. कासला तिकीट काढून फुलं बघून आलेली माणसं आपल्याच गावच्या सड्याला ओसाड म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

"पडीक जमीन आहे." सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलं म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबात ती लागवडीची नाही, एवढंच. पाण्याचा हिशेब वेगळा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतो आणि उतारावर झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतो. सड्याखालच्या किती वाड्यांच्या विहिरी आणि पोफळीच्या बागा या पाण्यावर उभ्या आहेत! चिरेखाणीत नेमका हा पाणी मुरवणारा जांभ्याचा थर कापून ट्रकमध्ये भरला जातो. शिवाय कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तीही याच सड्यांवर कोरलेली आहेत.

"बागा होतातच की." होतात. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं कोकणात कलमं वाढली, घरं सावरली, हे मी नाकारणार नाही. पण सड्यावर कलम लावायचं तर सुरुंग लावून खड्डा फोडावा लागतो आणि बाहेरून माती आणून भरावी लागते. ओसाड जमिनीला जीव आला असं आपण म्हणतो, तेव्हा तिथला आधीचा जीव सुरुंगानं उडालेला असतो.

"पवनचक्क्यांनी काय बिघडतं?" साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर याचा अभ्यास झाला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले, आणि खाणारे कमी झाल्यानं सरडे वाढले. हे सरडेही साधे नव्हेत. त्यांच्या प्रजातीचा गट 2016 मध्ये शास्त्राला नव्यानं कळला आणि त्याचं नाव आपल्या 'सरडा' या शब्दावरून ठेवलं गेलं. पवनऊर्जा नको असं माझं म्हणणं नाही. पण पठार मोकळं आहे असं धरूनच जागा निवडायची, हे थांबायला हवं.

झाडं लावण्याबद्दल थोडक्यात: सड्यावरच्या वनस्पतींना उघडं आभाळ लागतं. सावलीत त्या मरतात.

माझं घरही चिऱ्याचंच आहे. चिरा लागणार, वीज लागणार. म्हणून मागणी एवढीच की सड्यावर कशालाही परवानगी देण्याआधी तिथली पाहणी जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत व्हावी, गावातल्या गुराख्याला सोबत घेऊन. कुठल्या डबक्यात देवभात येतं आणि कुठला झरा कधी आटतो, हे त्याला ठाऊक असतं. मेमधली पाहणी ग्राह्य धरू नये.