आइसब्रेकरमुळे गोव्याचे किनारे बुडतात म्हणे!

चतुर्थीपासून वाड्यावरच्या ग्रुपांत एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय: वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं स्वतःचं आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडत जाणारं जहाज, दरवर्षी मुरगावहून अंटार्क्टिकाला जातं, त्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बर्फ कापायची पाती असतात, आणि अशा जहाजांनी फोडलेला बर्फ वितळून आपले किनारे समुद्रात चाललेत.

केंद्र सड्यावर आहे, एवढं बरोबर. पण भारताकडे स्वतःचं ध्रुवीय आइसब्रेकर नाही. मोहिमेसाठी परदेशी जहाज भाड्याने घेतात आणि अलीकडे ते बहुतेक केपटाउनहून निघतं. पहिली मोहीम मात्र खरंच गोव्याहून गेली होती, 6 डिसेंबर 1981 ला, समुद्रशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. जहाज होतं ‘पोलार सर्कल’, तेही नॉर्वेचं, भाड्याचंच. जून 2025 मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने नॉर्वेच्या कोंग्सबर्गशी भारताच्या स्वतःच्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सामंजस्य करार केला. ते पाण्यात उतरेल तेव्हा फॉरवर्ड करा.

पाती वगैरे काही नसतात. तिरकी, जाड पोलादाची नाळ बर्फावर चढते आणि जहाजाच्या वजनाने बर्फ खाली मोडतो. फारच जाड असला तर मागे येऊन पुन्हा धडक. बूडही गोलसर असतं, त्यामुळेच उघड्या समुद्रात ही जहाजं भयंकर डोलतात.

आता मुख्य आरोप. जर्मनीचं ‘पोलारस्टर्न’ हे संशोधन आइसब्रेकर 25 मीटर रुंद आहे. समजा, त्याने 4,000 किलोमीटर बर्फ फोडला. झाले 100 चौरस किलोमीटर. आर्क्टिकचा समुद्री बर्फ सप्टेंबरात, सगळ्यात कमी असतो तेव्हासुद्धा, साधारण 40 लाख चौरस किलोमीटर भरतो. म्हणजे चाळीस हजारावा भाग, आणि हिवाळ्यात तो पट्टा परत गोठतो. शिवाय हा बर्फ मुळात तरंगता. कोकम सरबताचा ग्लास बर्फासकट काठोकाठ भरून ठेवा, बर्फ विरघळल्यावर सांडतं का बघा. समुद्राचं पाणी खारं असल्याने किंचित फरक पडतो, पण तो नगण्य.

पातळी वाढते ती तापलेलं पाणी प्रसरण पावतं म्हणून, आणि ग्रीनलंड, अंटार्क्टिका नि डोंगरांवरचा, म्हणजे जमिनीवरचा बर्फ समुद्रात येतो म्हणून. 1901 ते 2018 मध्ये जगभरची सरासरी वाढ सुमारे 20 सेंटीमीटर. आपल्याकडे वाळू का जाते ह्याची कारणं शोधायची तर किनाऱ्यालगतची बांधकामं आणि नदीमुखातला रेतीउपसा आधी बघा. पण त्यावर फॉरवर्ड येत नाही, कारण तिथे ओळखीची माणसं निघतात.

ही जहाजं डिझेल जाळतात, काजळी सोडतात, ही तक्रार रास्त आहे. अंटार्क्टिकाच्या पाण्यात जड इंधन तेलावर ऑगस्ट 2011 पासून बंदी आहे, ती काजळीसाठी नव्हे, सांडलं तर निस्तरता येणार नाही म्हणून. आणि आर्क्टिकचं हवामान नि बर्फ ह्यांचा अभ्यास करायला 2019 च्या ऑक्टोबरात त्याच ‘पोलारस्टर्न’ला तिथल्या एका तरंगत्या बर्फाच्या लादीला बांधून इंजिनाचा जोर न लावता महिनोन्‌महिने वाहू दिलं होतं.