‘नो-कॉस्ट ईएमआय’वर एसी घेतला म्हणजे फुकटात पडला?

मार्च उजाडला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो: “एसी रोखीने घेऊ नका, नो-कॉस्ट ईएमआयवर घ्या. व्याज शून्य. तुमचे पैसे बँकेत राहून व्याज कमावतील, वर क्रेडिट स्कोअरही वाढेल.” मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असतं, तेव्हा असा सल्ला पटकन पटतो. म्हणूनच त्यातलं एकेक विधान तपासून घ्यायला हवं.

“व्याज शून्य.” शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितलं आहे. व्याज असतंच, फक्त ते कुणी भरायचं एवढं ठरवलेलं असतं. 36,000 रुपयांचा एसी, 6 महिने, महिना 6,000 असा हप्ता धरा. बँकेचा दर वार्षिक 15 टक्के असेल तर क्रेडिट कार्डावर 36,000 नव्हे, 34,476 चढतात. मधले 1,524 रुपये दुकानदार किंवा कंपनी सूट म्हणून सोडते आणि बँक तेवढेच व्याजापोटी तुमच्याकडून वसूल करते. इथपर्यंत बरोबरी झाली.

पण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि तो सूट म्हणून कुणीच देत नाही. तो इथे 274 रुपये होतो. प्रोसेसिंग फी 199 धरली तर जीएसटीसह 235. म्हणजे पहिल्या बिलात 6,000 नव्हे, 6,313 रुपये दिसतात. पुढे जीएसटी दर महिन्याला थोडा थोडा घटत जातो, त्यामुळे तो कुणाच्या फारसा लक्षात येत नाही. एकूण जादा खर्च 509 रुपये. एसी परत केला तरी फी आणि तोवर कापलेला जीएसटी सहसा परत मिळत नाही.

फायनान्स कंपनीच्या कर्जात व्याजावर जीएसटी नसतो, पण प्रोसेसिंग फीवर असतो आणि काही योजनांत दोन-चार हप्ते आगाऊ घेतात. 10 पैकी 2 हप्ते काउंटरवरच दिले, तर कर्ज उरलेल्या 8 हप्त्यांपुरतंच मिळालं. फी मात्र पूर्ण. अशा कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागून घ्या. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं आणि सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. सही त्यानंतर.

“पैसे बँकेत राहून व्याज कमावतील.” किती, ते मांडून बघू. दर महिन्याला 6,000 काढून द्यायचे आहेत, त्यामुळे शिल्लक 36,000, मग 30,000, मग 24,000 अशी उतरत जाते. बचत खात्याचा दर 3 टक्के धरला, तर सहा महिन्यांत मिळतात 315 रुपये. खर्च 509. एफडीत थोडं जास्त मिळेल, पण हप्त्यासाठी ती दर महिन्याला मोडावी लागेल आणि मुदतीपूर्वी मोडली की दर घटतो, बहुतेक बँका दंडही लावतात.

खरं नुकसान मात्र दुकानातच होतं, कारण योजनेच्या नावाखाली रोखीची सूट हातची जाते. म्हणून सीताबर्डीचा बाजार असो की इतवारीचा, हप्त्याचा विषय काढण्याआधी विचारा, “रोखीचा शेवटचा भाव काय?” तो 1,500 ने कमी निघाला तर ‘फुकट’ हप्ता 2,000 रुपयांना पडला. भाव कळल्यावर दुसरा प्रश्न: “कार्डावर नेमकी किती रक्कम चढेल?”

“क्रेडिट स्कोअर वाढेल.” म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीला मिळणारे गुण वाढतील. हप्ते वेळेवर गेले तर मदत होते, हे खरं आहे. पण 50,000 मर्यादेच्या कार्डावर 34,476 अडकले, तर मर्यादेचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग वापरलेला दिसतो आणि तेवढ्याने स्कोअर खाली येऊ शकतो. एखाद्या महिन्यात बिलाची फक्त ‘किमान रक्कम’ भरली, तर उरलेल्या बाकीवर अनेक कार्डांवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज सुरू होतं. शिवाय त्याच कार्डावर नवीन घेतलेल्या किराण्यालाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. या योजनेतला मोठा धोका इथे आहे.

हप्ता कधीच घेऊ नये, असं नाही. ऐन मे महिन्यात फ्रिज बंद पडला, हाताशी रोख नाही, रोखीचा आणि हप्त्याचा भाव एकच आहे आणि फी शून्य आहे, तर घ्यावा. त्यातही सहाऐवजी तीन महिन्यांचा. याच 36,000 वर जीएसटी 274 ऐवजी 159 रुपयांवर येतो.

एसीची गरज मात्र अचानक येत नाही. नागपूरचा उन्हाळा दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. सप्टेंबरपासून बँकेत महिना 6,000 ची सहा महिन्यांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, लावा (पोस्टाची नको, ती 5 वर्षांची असते). 6 टक्के दराने साधारण 630 रुपये व्याज मिळतं आणि मार्चमध्ये 36,000 हातात घेऊन भाव करता येतो. हप्ता तोच, महिने तेवढेच, फक्त ते खरेदीच्या आधी येतात.