अर्जात "न्याय मिळावा" एवढंच लिहून भागत नाही

सात पानी अर्ज लिहिला होता मी फॅमिली कोर्टात, स्वतःच, वकील न लावता. लग्न कसं जमलं इथपासून, साखरपुड्याला कोण रुसलं, मेव्हण्याने फोनवर काय सुनावलं, सगळं. आणि शेवटी विनंतीच्या जागी एकच ओळ, "सबब मला माझ्या मुलीस भेटू देण्यात यावे." गंमत म्हणजे अर्ज मंजूर झाला! हुकूम काय, तर दोघांच्या सोयीने भेट. आता दोघांची सोय जुळत असती तर कोर्टाची पायरी चढलो असतो का? पुढचे चार महिने कधी परीक्षा, कधी ताप, कधी मामाकडे गेलीय. आणि हुकूम मोडलाय असं दाखवताही येईना, कारण त्यात मोडण्यासारखं काही ठरलेलंच नव्हतं.

मग एका तारखेला बाकावर शेजारी एक रिटायर्ड शिरस्तेदार (कोर्टातले वरिष्ठ कारकून) काका बसले होते, त्यांनी अर्ज चाळला आणि म्हणाले, आधी विनंती लिही, मग वरची गोष्ट. जज साहेबांना तुझी वाक्यं उचलून जशीच्या तशी हुकमात टाकता आली पाहिजेत.

दुसरा अर्ज तसा केला. "मूळ याचिकेचा निकाल होईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५ मुलीस अर्जदाराच्या ताब्यात द्यावे, जाबदार यांनी तिला सोसायटीच्या गेटवर आणावे, आजारपणामुळे भेट चुकल्यास ती लगेच पुढच्या शनिवारी द्यावी." (जाबदार म्हणजे समोरची बाजू.) बुधवारचा व्हिडिओ कॉल वेगळा मुद्दा, दिवाळी-मेच्या सुट्टीतले दिवस वेगळा मुद्दा. अ, ब, क असं सुटं लिहायचं, म्हणजे ब नामंजूर झाला तरी अ वाचतो. आणि प्रत्येक मुद्द्याचं कारण वर मजकुरात हवं, नाहीतर ते नुसतं हवेत राहतं. सात पानांची अडीच झाली, मेव्हणा पूर्ण बाहेर 😄

"मे. कोर्टास योग्य वाटतील ते इतर हुकूम व्हावेत" ही शेवटची ओळ सगळेच टाकतात, टाकाच, पण तिच्या भरवशावर राहू नका.

पोटगीचंही तेच. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने "योग्य ती पोटगी मिळावी" लिहिलं होतं, मी म्हटलं अगं आकडा टाक. दरमहा किती, कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या खात्यात, आणि कधीपासून. अर्जाच्या तारखेपासून पोटगी द्यावी असं सुप्रीम कोर्टाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सांगितलंय, तरी ते स्वतः मागा. त्याच निकालाप्रमाणे दोघांनी उत्पन्न-मालमत्तेचं ॲफिडेविट, म्हणजे शपथपत्र, द्यायचं असतं, तुमचंही, त्यामुळे आकडा उगाच फुगवू नका, उलटतपासणीत खर्च एकेक करून विचारतात. उद्या पैसे थकले आणि वसुलीची दरखास्त (हुकमाची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज) लावायची वेळ आली तर हुकमातला आकडाच कामाला येतो.

आणि "त्याला अद्दल घडावी", "सासूबाईंना समज द्यावी" हे काढा हो. मन मोकळं करायला समुपदेशक आहेत तिथे.

कोणी म्हणेल वकील का नाही लावला. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील लावणं हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते, ती बहुतेक वेळा मिळते ही गोष्ट वेगळी. माझ्याकडे फी नव्हती, सरळ कारण. बायकांना तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे त्या मैत्रिणीलाही माहीत नव्हतं.

आता शनिवारी ११ ला गेटवर उभा असतो, कधी पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, पण येते पोरगी. शाळेच्या गॅदरिंगला हजर राहू द्यावे हे लिहायला मात्र दुसऱ्यांदाही विसरलो, तिसरा अर्ज टाइप करायला दिलाय.