‘हाइड घेऊनही पक्षी उडालेच’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

महोदय,

आपला सविस्तर अभिप्राय वाचला. आमच्याकडून घेतलेले घडीचे हाइड, म्हणजे आत दडून पक्ष्यांची छायाचित्रे काढायचा छोटा तंबू, आपण एप्रिलमध्ये उमरेड रस्त्याकडील एका तलावावर वापरले. पक्षी तरीही उडून गेले, आत अर्धा तासही बसवेना, वाऱ्याने कापड फडफडत राहिले, आणि हेच काम पाचशे रुपयांच्या हिरव्या नेटमध्ये झाले असते, तेव्हा पूर्ण पैसे परत मिळावेत, असे आपले म्हणणे आहे. यांपैकी उष्म्याची तक्रार रास्त आहे, नेटची अर्धी रास्त आहे आणि पक्ष्यांची आम्हांला मान्य नाही. हाइड घेण्याच्या विचारात असलेले इतरही हे वाचतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण जोडलेल्या छायाचित्रात हाइड तलावाच्या पाळीवर उभे आहे, मागे मोकळे आकाश आहे आणि हवा खेळावी म्हणून पुढची व मागची अशा दोन्ही खिडक्या उघड्या ठेवलेल्या दिसतात. अशा मांडणीत कापडावर पानांची कितीही सुबक नक्षी असली तरी मागून येणाऱ्या उजेडामुळे आतल्या माणसाची काळी आकृती पुढच्या खिडकीतून स्पष्ट दिसते. ती हलली की टिटवी ओरडते आणि टिटवी ओरडली की अख्खा काठ सावध होतो. हाइडचे काम आपली हालचाल झाकण्याचे. तंबू पक्ष्यांना दिसतोच, आणि त्याच्यापासून धोका नाही हे पटायला त्यांना वेळ लागतो. तो पाळीखाली, बेशरमाच्या झुडपांना लागून, मागची खिडकी बंद ठेवून आणि सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा पूर्वेकडील काठावर लावायला हवा होता. शक्य असल्यास आदल्या दिवशीच उभा करून ठेवावा, उजाडण्यापूर्वी आत जावे आणि सोबत आलेल्या माणसाने सर्वांदेखत चालत निघून जावे. माणूस परत गेला, एवढेच पक्षी पाहतात; आत किती गेले होते याचा हिशेब ते सहसा ठेवत नाहीत.

ओळखीची वस्तू पक्षी लवकर स्वीकारतात. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी 1900 च्या सुमारास बैलाच्या पोकळ पुतळ्यात दडून पक्ष्यांची छायाचित्रे घेतली होती. आपल्याकडे बैलाची जागा चारचाकीने घेतली आहे. रस्त्यालगतच्या शेतातील नीलपंख किंवा तारेवरचा वेडा राघू टिपायचा असेल, तर इंजिन बंद करून गाडीतच बसावे आणि खिडकीच्या काचेवर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. त्यासाठी आमच्याकडून काहीही विकत घेण्याची गरज नाही, हे आम्ही दुकानातही सांगतो.

आता उष्म्याविषयी. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता; अशा गावात आतून काळे अस्तर असलेला पॉलिएस्टरचा बंद तंबू उन्हात भट्टी होणारच. ते अस्तर आतला माणूस दिसू नये म्हणून असते, ते काढता येत नाही. त्यामुळे हे हाइड नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळासाठी, म्हणजे चक्रवाक आणि पट्टेरी डोक्याचे राजहंस तलावांवर असतात तेव्हासाठी, योग्य आहे. उन्हाळ्यात ते वापरायचेच असेल तर सकाळी आठच्या आत बाहेर पडावे.

उन्हाळ्यासाठी आपण म्हणता तसा घरगुती उपाय खरोखरच सरस ठरतो, फक्त तो हिरव्या नेटचा नसावा. बाल्कनीला लावतो ती नेट चकाकते, तिचा हिरवा रंग विदर्भातल्या एप्रिलच्या पिवळ्या-करड्या गवतात उठून दिसतो आणि हलकी असल्याने ती आमच्या कापडापेक्षा जास्त फडफडते. त्याऐवजी कळमना किंवा इतवारीच्या बाजारात मिळणारा जुना बारदाना उसवून, शिवून घ्यावा आणि बांबूच्या चार काठ्यांवर ताणून खाली दगड ठेवावेत. गोणपाटाला चमक नसते, ते जड असल्याने वाऱ्यात स्थिर राहते आणि पाणी मारले की कूलरच्या ताटीप्रमाणे आतली हवा बऱ्यापैकी गार ठेवते. भोक जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर पाडावे, म्हणजे शेकाट्यासारखा पक्षी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून टिपता येतो. खुर्चीवर बसून काढलेली अशी छायाचित्रे, आमच्या मते, निम्मी मजा घालवतात. लेन्स भोकाबाहेर काढू नये. आणि कोणतेही हाइड शुभ्रतेचा दावा करणाऱ्या पावडरने धुऊ नये, कारण त्यातील चमक आणणारी द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतात आणि कापड उठून दिसते. साधे पाणी पुरे.

‘टिटवीच्या घरट्याजवळ बसता येईल असे छोटे हाइड दाखवले नाही’ असेही आपण लिहिले आहे. ते मुद्दामच दाखवले नाही. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि मादी उठून गेली की या उन्हात ती थोड्या वेळात तापतात. घरट्यासाठी म्हणून आम्ही कोणालाही हाइड देत नाही. पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्यातही स्वतःचे हाइड नेऊन लावता येत नाही, तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय गाडीतून उतरण्याचाच प्रश्न येत नाही.

फडफडीबाबत एवढेच, की पिशवीत चार ताणदोऱ्या आणि खुंट्या दिलेल्या आहेत आणि आपल्या छायाचित्रात त्या बांधलेल्या दिसत नाहीत.

वापरलेल्या हाइडचे पैसे परत करता येणार नाहीत. बिलावर तसे नमूद आहे. मात्र खांब वाकलेले नसतील आणि कापड फाटलेले नसेल, तर ते ठेवून घेऊन त्याबदल्यात आडवे पडून अंगावर ओढायचे जाळीचे हाइड देण्याची आमची तयारी आहे, आणि किमतीतील फरक आपल्या खात्यावर जमा राहील. ते उन्हाळ्यातही सुसह्य असते. येताना बिल आणि खुंट्यांची पिशवी आणावी. दुकान सोमवारी बंद असते.

व्यवस्थापक, नागपूर