हौशी बायका, हीटर आणि निळीचा रांजण: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मी ज्या रांजणात नीळ लावून कापड रंगवते, तो पौषातल्या थंडीत कसा जगवते याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्या रात्री आली त्याच रात्री दोनदा वाचली आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवून टाकलं. चार दिवस झाले, अजून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरांनी एका गिरणीच्या रंगखात्यात तीस वर्षं काढली आहेत. त्यांचं म्हणणं, नीळ पाण्यात विरघळते असं मी लिहिलं ते चूक आहे. थंडीत चुना नीट विरघळत नाही, त्यामुळे पौषात एवढा गडद रंग येणं शक्य नाही, म्हणजे मी गुपचूप हायड्रोस, म्हणजे नीळ झटपट विरघळवणारं गिरणीतलं रसायन, टाकत असणार. त्यांच्या मिसेसनी माझ्याकडून जानेवारीत घेतलेल्या दुपट्ट्याचा रंग पांढऱ्या ब्लाउजच्या खांद्याला लागला. किंमत अवाच्या सवा आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: 'रांजणात माशांच्या टाकीचा हीटर सोडून नीळ जगवणं ही परंपरा नव्हे, हा हौशी बायकांचा टाइमपास आहे.'

आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. नीळ पाण्यात विरघळत नाही. रांजणातला ऑक्सिजन संपला आणि चुन्याने पाणी अल्कधर्मी झालं की तिचं जे पिवळट हिरवं रूप होतं, ते विरघळतं. कापड बाहेर काढलं, हवा लागली, की ती पुन्हा निळी आणि न विरघळणारी होते आणि धाग्यात अडकून बसते. मला हे माहीत आहे, रोज डोळ्यांनी बघते, पण लिहिताना घाई झाली आणि सरसकट 'विरघळते' असं लिहून गेले. चूक दुरुस्त केली आहे. धन्यवाद.

आता त्या वाक्याकडे येते.

'हौशी बायका'. सर, तुम्ही 'हौशी लोक' लिहू शकला असता. 'हौशी कलाकार' लिहिलं असतं तरी मी एवढी दुखावले नसते. बायकांनाच वेगळं काढून टाइमपासच्या शेजारी बसवायची गरज का पडली, हे मला खरंच विचारायचं आहे. माझ्या जागी एखादा पुरुष असता आणि त्याने हीटर लावला असता, तर तुम्ही त्याला प्रयोगशील म्हणाला असता की नाही?

मी नीळ कधी सुरू केली ते सांगते. 2016. आम्ही लातूरला राहतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आम्ही ते घागरीने मोजलं. मी तेव्हा एका शाळेत कंत्राटी कलाशिक्षिका होते आणि घरी सुती कापडावर इतर नैसर्गिक रंग करायचे. मंजिष्ठा, हरडा, डाळिंबाची साल. त्या रंगांना पाणी लागतं. हरड्यात भिजवा, तुरटीत भिजवा, धुवा, उकळा, परत धुवा. तांब्याभर पाण्यावर घरात भांडणं होत असताना हे करायचं कुठल्या तोंडाने? निळीचं तसं नसतं. एकदा रांजण लागला, म्हणजे रंग देऊ लागला, की तेच पाणी महिनोन्महिने चालतं. वर थोडी नीळ, थोडा चुना, थोडा गूळ घालत राहायचं. धुवायला पाणी लागतं, ते मी बादलीत धरून झाडांना घालते. मी निळीकडे हौस म्हणून वळले नाही, सर. पाणी नव्हतं म्हणून वळले.

पहिल्याच हिवाळ्यात रांजण मेला, म्हणजे रंग देईनासा झाला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही सगळे शेतात गेलो, भज्जी-आंबील झाली, रात्री गावाकडेच मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन झाकण काढलं तर वरची तांबूस साय गायब. एरवी रांजण जिवंत असला की पाण्यावर तांब्याच्या भांड्यासारखी चकाकणारी साय असते, काठीने बाजूला सारली की खाली गोमूत्रासारखं पिवळं-हिरवं पाणी दिसतं. त्या दिवशी सगळं करडं-निळं आणि गढूळ होतं. वासही गेलेला. चिंधी बुडवली तर फिकट आकाशी रंग आला, आणि नळाखाली धरली तर तोही वाहून गेला. त्यात तामिळनाडूतून मागवलेली निळीची वडी होती, माझ्या जवळजवळ एका पगाराची. मी तिथेच पडवीत बसून रडले. तुमच्या दृष्टीने हा टाइमपास असेल.

दुसऱ्या हिवाळ्यात शिकले. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरला, कारण हात-दोन हात खाली मातीला वरच्यासारखा गारठा लागत नाही. बाजूने कडबा ठासला. वर सासूबाईंच्या दोन जुन्या वाकळा. आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजतो तो तरोटा, म्हणजे टाकळा, त्याच्या बिया बुळबुळीत होईपर्यंत शिजवायच्या आणि गार झाल्यावर रांजणात ओतायच्या. दक्षिणेत निळीच्या रांजणांत या बिया घालतात. बियांवर, गुळावर जिवाणू जगतात, ते ऑक्सिजन संपवतात, म्हणून नीळ सुटते, म्हणजे विरघळणाऱ्या रूपात येते. आणि या जिवाणूंना ऊब लागते. तीस अंशांच्या आसपास ते खूश असतात, विसाच्या खाली गेलं की सुस्तावतात. जानेवारीत पहाटे सहाला आमच्या पडवीत तापमापी 11 दाखवते. पुरलेल्या, झाकलेल्या रांजणातही 19 पर्यंत उतरतं. मग मी हीटर लावते. रात्री दहा ते सकाळी सहा. सकाळी 27-28 मिळतात, एकदाच हळू हाताने ढवळते, बुडबुडा न करता, आणि दुपारी ऊन चढल्यावर बुड्या देते. उन्हाळ्यात ज्या निळाईला चार बुड्या पुरतात तिला हिवाळ्यात आठ लागतात. प्रत्येक बुडीनंतर पिळायचं, झटकायचं, पंधरा-वीस मिनिटं हवेवर टाकायचं. पिवळं कापड कडांपासून आत हिरवं होत जातं, मग निळं. गार वाऱ्यात ओलं कापड पिळून बोटं बधिर होतात. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख नोव्हेंबर ते फेब्रुवारी निळंच असतं. लग्नकार्यात लोक विचारतात, लागलं का कुठं.

आता परंपरेचं. तुम्ही लिहिलंत की आपल्याकडचे निराळी, म्हणजे निळीने कापड रंगवणारा समाज, आणि रंगारी हीटर लावत नव्हते. नसतील लावत, वीजच नव्हती. पण निळीच्या रांजणाला शेक देणं ही काही मी काढलेली टूम नाही. जपानमध्ये निळीचे चार-चार रांजण जमिनीत पुरून मधोमध शेकोटीचा खड्डा ठेवतात आणि थंडीत त्यात भुसा, तूस पेटवून रांजण उबदार ठेवतात. युरोपात वोड नावाच्या झाडापासून नीळ काढायचे, तिथे रांजणाचं पाणी पन्नास अंशांच्या आसपास राखायचे, सरपण जाळून. तो जाळ परंपरा आणि माझी वायर टाइमपास? जिवाणूला ऊब कुठून आली ते कळत नाही. मी शेणाच्या गोवऱ्यांचा शेकही करून पाहिला आहे. एका रात्री रांजणाचा काठ तडकला, दुसऱ्या रात्री धुराने लेकाला खोकल्याची उबळ आली. हीटर लावून मी निर्धास्त झोपते.

आणि सर, राग मानू नका, पण परंपरेचं प्रमाणपत्र तुम्ही द्यावं का? बीएएसएफने कारखान्यात बनवलेली नीळ 1897 साली बाजारात आली आणि झाडाच्या निळीचा धंदा बघता बघता बसला. गिरण्यांची रंगखाती कारखान्यात बनवलेल्या निळीवर, कॉस्टिक सोड्यावर आणि हायड्रोसवर चालली. तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'आमच्याकडे हायड्रोसचे ड्रम यायचे.' त्यात गैर काही नाही, ती तुमची नोकरी होती, तुम्ही ती इमानाने केली असणार. पण ज्यांनी तीस वर्षं ड्रम फोडले त्यांनी तरोट्याच्या बिया शिजवणाऱ्या बाईला परंपरा शिकवायची, हे मला झेपत नाही.

चुन्याचं तर साफ उलटं आहे. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, चुना गार पाण्यात जास्त विरघळतो. साध्या पाण्यात लिटरला दोन ग्रॅमसुद्धा नाही, आणि उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे थंडीत रांजण मंदावतो तो चुन्यामुळे नाही. माझी पीएच पट्टी जानेवारीतही साडेदहा दाखवते, म्हणजे पाणी पुरेसं अल्कधर्मी असतं. रंगखात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून ही चूक मला अपेक्षित नव्हती. मी माझी चूक मान्य केली, तुम्हीही करा.

हायड्रोसबद्दल एवढंच सांगते की मी वापरत नाही. आणि फोटोतला गडद रंग बघून ते ओळखता येतं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं होत नाही. कुठल्याही मार्गाने नीळ सुटली तरी कापडावर बसते ती तीच नीळ. आरोप करायचाच होता तर घरी यायचं, झाकण उघडून दाखवलं असतं, चहाही केला असता.

किमतीवर मी बोलणार नाही. आठ बुड्यांचा हिशेब वर दिला आहे, ज्याला करायचा त्याने करावा. बाजारात दीडशे रुपयांना निळा दुपट्टा मिळतो, तो घ्यावा.

राहिला मिसेसचा दुपट्टा. निळीचा रंग सुरुवातीला घासल्यावर थोडा लागतोच, जीन्सची नवी पँट घालून पांढऱ्या गादीवर बसा, दिसेल. धाग्याच्या वरवर बसलेली नीळ दोन-तीन धुण्यांत निघून जाते. सोबत दिलेल्या चिठ्ठीवर 'पहिल्यांदा वेगळं धुवा' असं लिहिलेलं असतं. ते धुतलं होतं का, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. हिवाळ्यातल्या कापडाबाबत हे जास्त होतं असं तुम्ही म्हणता, पण जानेवारीत माझ्याकडून सव्वीस दुपट्टे गेले आणि खांद्याची तक्रार घेऊन आलेले तुम्ही तिसरे. त्यातल्या एका ताईंनी दोनदा वेगळा धुतला, आता त्या कुरकुर करत नाहीत.

मला त्रास झाला तो दुपट्ट्याच्या तक्रारीचा नाही. तक्रार फोनवर केली असती तर तेव्हाच निकाली निघाली असती. तुम्ही ती शंभर लोकांसमोर केलीत, आणि ती करताना आधी मला हौशी ठरवलंत. आमच्या शाळेतही असंच असायचं. पोरांनी भिंत सुंदर रंगवली तरी म्हणायचे, मॅडमना चित्रकलेची हौस आहे. नऊ हिवाळे रांजण जगवल्यावर तोच शब्द परत ऐकायला मिळाला, म्हणून एवढं लांबलं.

दुपट्टा पाठवा. या आठवड्यात रांजण चांगला लागलेला आहे, सायही जाड आहे. दोन बुड्या जास्त देऊन, तीन पाण्यांतून नीट धुऊन परत पाठवते. जाण्या-येण्याचा कुरिअरचा खर्च मात्र तुमचा.