गवतांची पर्णरंध्रे ‘सगळी सारखीच’? पान उलटून तरी पाहा

पर्णरंध्रे म्हणजे पानावरची बारीक छिद्रे; त्यांतून वाफ बाहेर जाते आणि कार्बन डायऑक्साइड आत येतो. त्यांच्याबद्दलचं एक चित्र सध्या बरंच फिरतंय. त्यावर लिहिलंय: ‘पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात. सगळ्या गवतांत ती एकसारखीच असतात. ज्या गवताला रंध्रे कमी, त्याला पाणी कमी लागते.’ पहिलं विधान चूक, दुसरं अर्धवट आणि तिसरं सगळ्यांत फसवं.

खालच्या बाजूचं आधी उरकू. हा पाठ आडव्या, पसरट पानांच्या झाडांवरून आलेला आहे. गहू, भात, मका यांच्या पानांना दोन्ही बाजूंनी रंध्रे असतात. गव्हात वरच्या बाजूला जास्त, मक्यात खालच्या. बांबूत (हो, तोही गवतच) ती मुख्यतः खाली. समुद्रकाठच्या वाळूत वाढणाऱ्या मॅरम गवताने तर कमालच केली आहे: रंध्रे वरच्या पृष्ठाच्या खाचांमध्ये, आणि हवा कोरडी झाली की पान गुंडाळून त्याची नळी होते, रंध्रे आत. खात्री करायची तर पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळल्यावर चिकटपट्टीने उचला आणि तो ठसा सूक्ष्मदर्शकाखाली धरा.

‘एकसारखी’ या शब्दात तथ्य आहे, पण आराखड्यापुरतंच. छिद्र उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या डंबेलसारख्या दोन रक्षक पेशी, त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक साहाय्यक पेशी, आणि अशा संचांच्या समांतर रांगा. त्यापुढे प्रत्येकाची तऱ्हा निराळी. साहाय्यक पेशी कुठे घुमटाकार, कुठे त्रिकोणी. गवत ओळखताना हा फरक उपयोगी पडतो. गव्हाच्या जातींत गुणसूत्रे १४, २८, ४२ अशी वाढत गेली, तशी रंध्रे आकाराने मोठी आणि संख्येने विरळ होत गेली. या साहाय्यक पेशी निव्वळ शोभेच्याही नाहीत. ब्रॅकिपोडियम या छोट्या गवताचं साहाय्यक पेशी नसलेलं एक उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेलं) वाण २०१७ मध्ये तपासलं गेलं. त्याची रंध्रे धड पुरती उघडत नव्हती आणि हलायचीही सावकाश.

आता ‘कमी रंध्रे, कमी पाणी’. वाफ किती बाहेर जाणार हे संख्येबरोबरच छिद्राचा आकार, ते किती उघडतं आणि किती वेळ उघडं राहतं यावर ठरतं. थोडी मोठी रंध्रे पुष्कळ बारीक रंध्रांइतकी वाफ सोडू शकतात. शिवाय मका, ज्वारी, ऊस ही सी-४ गवतं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडण्याची वेगळी पद्धत असलेली. पानात कार्बन डायऑक्साइड कमी असला तरी तो पकडणारं विकर (एन्झाइम) त्यांच्याकडे आहे, त्यामुळे रंध्रे कमी उघडूनही त्यांचं भागतं. हे रंध्रांच्या मोजणीत दिसणार कसं?

चित्राखाली पुरावा म्हणून आयआर-६४ या भाताच्या वाणावरचा २०१९चा प्रयोग दिला आहे. प्रयोग खरा आहे. जनुकीय बदल करून रंध्रे कमी केली, रोपांनी पाणी कमी वापरलं, दुष्काळही बरा सोसला. मात्र त्यात तुलना भाताची भाताशीच होती. बाकी सगळं जवळपास तेच ठेवून एकच गोष्ट बदलली होती. त्यावरून ज्वारी आणि भात यांत कोण किती पाणी पितं, हे निघत नाही.