रेस दिली की कुईं

‘ॲम्प बसवल्यावर कुईं आवाज येतोय? पॉवर वायरला फिल्टर लावा, कॅपॅसिटर लावा, अर्थ थेट बॅटरीवर न्या, आरसीए आणि पॉवर वायर वेगवेगळ्या बाजूंनी टाका, गेन उतरवा. शंभर टक्के आवाज जाणार.’ गाडीच्या साउंडचा नाद असलेल्या प्रत्येकाला हा मेसेज कधी ना कधी आलेला असतो. (ॲम्प म्हणजे स्टिरिओचा आवाज मोठा करून स्पीकरला देणारा ॲम्प्लिफायर, आरसीए म्हणजे स्टिरिओकडून ॲम्पकडे गाणं नेणारी वायर, आणि अर्थ म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर.) आवाज शिरतोय कुठून, हे मात्र त्यात कुणीच विचारत नाही.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणारं यंत्र, तीन फेजची एसी बनवतो आणि डायोड तिची डीसी करतात. ती डीसी सपाट नसते, तिच्यावर बारीक लहरी उरतात. बारा पोलचा (चुंबकी ध्रुवांचा) अल्टरनेटर इंजिनाच्या अडीचपट फिरत असेल, तर ८०० आरपीएमला सेकंदाला १२०० लहरी होतात आणि २४०० ला ३६००. रेस दिली की सूर चढतो तो यामुळे.

आता फिल्टर. तो पॉवर वायरमधून येणारा आवाज अडवतो, हे खरं. पण माझ्या पाहण्यात हा आवाज बहुतेकदा आरसीएच्या मधल्या तारेभोवती असलेल्या धातूच्या जाळीतून येतो. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे, ॲम्पचा डिकीत. दोन्हीकडच्या पत्र्यात थोडासा व्होल्टेजचा फरक असला की जाळीतून करंट वाहतो आणि गाण्यावर स्वार होतो. पॉवर वायरवरच्या फिल्टरला याचा पत्ताही लागत नाही. कॅपॅसिटर बेसच्या ठोक्याला व्होल्टेज खाली बसू नये म्हणून असतो. त्याचं या भानगडीत काही काम नाही.

अर्थ थेट बॅटरीवर नेण्याचा उद्योग मी स्वतः केलाय. अख्खी गाडी उघडली, कार्पेट उचललं, वायर पुढपर्यंत ओढली. कुईं तसंच. शेवटी डिकीतल्या ॲम्पच्या जोडण्या एकेक तपासताना अर्थचा जुना बोल्ट उघडला, तर रिंग टर्मिनलखाली रंगाचा अख्खा थर. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत सँडपेपर मारला, अर्ध्या मीटरहून आखूड, पॉवर वायरइतकीच जाड वायर पुन्हा तिथेच घट्ट बसवली, आणि आवाज गायब. आता मी आधी मल्टिमीटर लावतो: गाणं जोरात चालू असताना एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला. ०.१ व्होल्टच्या बराच वर आकडा गेला की अर्थ कच्चा.

वायरी वेगळ्या बाजूंनी टाकाव्यात, हे बरोबरच आहे. पण त्यासाठी आधीच कार्पेट उपसू नका. ॲम्प बंद करून आरसीए काढा आणि तिच्या जागी शॉर्ट केलेले प्लग खोचा, म्हणजे मधली तार आणि जाळी एकमेकींना जोडलेले. जुन्या आरसीएची टोकं कापून घरी बनतात. इंजिन आणि ॲम्प चालू करा. कुईं राहिलं तर दोष ॲम्पच्या अर्थमध्ये, पॉवरमध्ये किंवा खुद्द ॲम्पमध्ये. गेलं तर मागे सरका: दुसरी आरसीए सीटांवरून मोकळी टाकून ऐका. आता शांत झालं तरच जुनी आरसीए किंवा तिचा मार्ग गुन्हेगार.

गेनबद्दलचा सल्ला अर्धा खरा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. तो स्टिरिओच्या आउटपुटशी ॲम्पची सांगड घालतो. जास्त ठेवला तर गाण्याबरोबर कुईंही मोठं होतं, म्हणून उतरवल्यावर ते कमी ऐकू येतं. पण ते असतंच. त्यापेक्षा स्टिरिओचा व्हॉल्यूम हलवून पाहा. त्याबरोबर कुईं वरखाली झालं तर ते व्हॉल्यूमच्या आधीच शिरतंय. जागचं हललं नाही तर नंतर.

आणि फोन ऑक्सला लावून गाडीतच चार्जिंगला टाकलाय का? मग वरचं सगळं ठेवा बाजूला. चार्जर काढा. आवाज गेला, तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला, म्हणजे दोन्हीकडचे अर्थ तोडून फक्त गाणं पुढे जाऊ देणारी छोटी डबी. इथे तो खरंच उपयोगी पडतो, फक्त स्वस्तातला बेस थोडा खातो.